डाव्या चाकाखालची फळी

माझ्या सासऱ्यांना सगळे पाटेमास्तर म्हणत. जुन्या मोटारींच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली जुडी असते, तिला पाटे म्हणतात. वर्षानुवर्षं ओझं वाहून त्यांची कमान उतरते आणि गाडी मागून बसते, बऱ्याचदा एका अंगाला जास्तच. तिला सरळ उभी करणं हे त्यांचं काम. चाळीस वर्षांत त्यांनी दुसरं काही केलं नाही. घरातला नळ गळायला लागला तरी प्लंबर बोलवत. म्हणत, "माझा हात पोलादावर बसलाय, पितळेवर नाही."

शेड घराला लागूनच होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्यांची वाकलेली पाठ दिसे. पाटे सोडवायचे, जमिनीवर खडूने हवी तशी कमान काढायची आणि एकेक पाटा ऐरणीवर ठोकत त्या रेषेपर्यंत आणायचा. दहा घाव घालायचे, रेषेवर ठेवून बघायचं, पुन्हा घाव. कोणी म्हणालं, "मास्तर, एक पाटा जास्तीचा घाला, लवकर होईल," की ते नाक मुरडत. "उंच होईल हो. पण मग फोटो काढायला बसवलेल्या पाहुण्यासारखी दिसेल. गाडी आरामात बसलेली दिसली पाहिजे."

शेवटी पाण्याची नळी. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांना धरायची. पाणी दोन्हीकडे सारखं आलं की गाडी सरळ. हे मोजमाप शेडमधल्या एकाच ठरलेल्या जागी व्हायचं. "या गल्लीत सपाट जागा एवढीच," ते सांगत. "बाकी सगळा रस्ता पोटात कळ आल्यासारखा."

अलीकडे गाड्या येईनाशा झाल्या होत्या. ह्यांचं नळ-फरशीचं दुकान मात्र वाढलं होतं आणि ह्यांना माल ठेवायला शेड हवी होती. बापलेकात त्यावरून रोज ठिणगी पडायची. त्यातच बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एकामागून एक अशी दोन ऑपरेशनं झाली आणि महिनाभर धुळीत जायला बंदी आली.

त्या महिन्यात मी शेड झाडून काढली. मोरीच्या बाजूला, जिथं गाडीचं मागचं डावं चाक येई, तिथं एक गोणपाट अंथरलेलं असे. ते उचललं तर खाली फळी. दीड हात लांब, बोटभर जाड, तेलवंगणाने काळी पडलेली. आमचं कपडे धुण्याचं मशीन तेव्हा फिरायला लागलं की न्हाणीघरभर चालत सुटे. फळी त्याच्या मापाची निघाली. मी ती मशीनखाली सरकवली आणि गोणपाट दुहेरी घडी करून होतं तसं अंथरलं.

बाबा परत शेडमध्ये उभे राहिले त्या दिवशी त्यांनी चौफेर नजर फिरवली.

"कशाला हात नाही ना लावलास, सूनबाई?"

"नाही हो बाबा, नुसतं झाडलं."

त्याच आठवड्यात दातांचे डॉक्टर त्यांच्या वडलांची गाडी घेऊन आले. साठ वर्षांची, मोरपंखी रंगाची. मागून पार बसलेली, उजवीकडे जास्त.

"आमचे वडील वजनदार होते आणि कायम एकटेच चालवायचे," डॉक्टर म्हणाले. "दात असते तर मीच सरळ केले असते."

बाबा हसले. जेवताना मात्र ह्यांनी विषय काढला. "बाबा, डोळे आता नवीन आहेत. ही एक गाडी करून दाखवा. नीट निघाली तर शेडचं नाव काढणार नाही. नाही तर पुढच्या महिन्यात माझा माल आत."

"ठरलं," बाबा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी भात दोनदा घेतला.

बारा दिवस ठोकाठोक चालली. पाटे चढले, सांध्यांतले कुजलेले रबरी बुश बदलले. नळी लावली तर डावी बाजू जराशी खाली. त्यांना नवल वाटलं, कारण बसलेली बाजू उजवी होती. तरी त्यांनी डावे पाटे पुन्हा काढून कमान चढवली. मग पाणी सारखं आलं आणि गाडी गेली.

समोरच्या सलूनवाल्याने दारातूनच आवाज दिला. "मास्तर, गाडीच्या कानात पाणी गेलं का? मान तिरकी करून चाललीय!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर परत आले. "मास्तर, उजवी बाजू अजून खालीच आहे. माझ्या पोर्चमध्ये गोटी ठेवली तर हलत नाही, इतकी सपाट फरशी आहे."

बाबांनी गाडी त्यांच्या जागेवर घेतली, नळी लावली. पाणी केसभरही इकडेतिकडे नाही. त्यांनी मला खिडकीतून हाक मारली. "बघ गं, तुला काय दिसतं?"

"सारखंच आहे बाबा."

"मला पण." तरी त्यांनी नळी पुन्हा एकदा लावून बघितली.

त्यांनी सगळं सोडवून पहिल्यापासून केलं. तरी डॉक्टरांच्या पोर्चमध्ये तेच झालं. तिसऱ्या वेळेला नळी खुंटीला टांगून त्यांनी डॉक्टरांच्या शब्दावर उजवी बाजू वाढवली. मग मागे जाऊन उभे राहिले. शेडमध्ये गाडी डावीकडे कललेली दिसत होती. दिवसभर ते तिच्याभोवती फिरले आणि संध्याकाळी उजवा पाटा होता तिथंच आणून ठेवला. "वाकडी दिसतेय ती अशी कशी बाहेर पाठवू?" कोणाला विचारत होते कोण जाणे.

डॉक्टर भले माणूस. तक्रार न करता गाडी घेऊन गेले. दुसऱ्या गॅरेजने नवे तयार पाटे घातले. दोन दिवसांनी ती गल्लीतून सरळ गेली; सलूनवाल्याला चेष्टेला काही सापडलं नाही.

"डोळ्यांचं काही नाही," बाबा ह्यांना म्हणाले, "डोक्यातलंच माप गेलंय." शेड त्यांनी स्वतःच रिकामी केली. ऐरण भंगारात दिली, हातोडे उचलून टेम्पोत ठेवले, शेवटी खडूचा डबासुद्धा. मग व्हरांड्यात बसायला लागले. चहाचा कप बशीत ठेवताना दोनदा बघत, नीट बसला की नाही. माझ्या लेकीने चित्र भिंतीवर लावायला सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या बाबाला सांग, मी वाकडं लावीन."

चार महिन्यांनी मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने ते पुढे ओढलं आणि फळी बाहेर काढली. साबणाच्या पाण्याने तिचं वंगण निघून लाकूड पांढरं पडलं होतं.

"ताई, ह्याच्यावर काहीतरी कोरलंय."

खिळ्याने कोरलेली अक्षरं होती. मागचं डावं चाक. हलवू नये.

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. मोरीकडे शेडचा उतार होता. त्या उतारावर ही फळी ठेवून त्यांनी ती सपाट जागा तयार केली होती, आणि मी म्हणाले होते, नुसतं झाडलं; म्हणून गोणपाट त्यांनी उचलून बघितलंच नव्हतं.

फळी परत सरकवून टाकावी आणि गप्प बसावं, असं माझ्या मनात आलं. दुरुस्तीवाला गेला तरी मी ती हातात धरूनच होते. मग व्हरांड्यात गेले.

"बाबा, ही मी घेतली होती. तुमच्या ऑपरेशनच्या वेळी. मशीनखाली."

त्यांनी फळी घेतली. चष्म्याशिवाय वाचली. कडेला अंगठा आडवा लावून जाडी बघितली, एकदा, मग दुसऱ्या टोकाला.

"पाऊण इंच," ते म्हणाले. "एवढंच तर मी डावीकडे चढवत होतो. तिन्ही वेळा."

"ह्यांना सांगते मी. शेड रिकामी करायला लावते."

"आणि ऐरण?"

मी शेडकडे बघितलं. शेडच्या दारातून फरशीचे खोके दिसत होते, छतापर्यंत रचलेले. आणि आता पाटेमास्तरांकडे कोणी गाडीही आणली नसती. डॉक्टरांनी चार ओळखीच्यांना झाला प्रकार सांगितला होता, वाईट हेतूने नव्हे.

"त्याला नको सांगूस," बाबा म्हणाले. "उगाच तुमच्यात लागेल." त्यांनी फळी माझ्याकडे दिली, अक्षरांची बाजू खाली करून. "ठेव जा परत. नाहीतर मशीन चालत सुटेल."

मी ठेवली. मशीन लावलं तर ते फिरलं, पण जागचं हललं नाही. व्हरांड्यात बाबा तसेच बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून.