दहा गडी आणि घरभर चपला

आमच्या विहीणबाईंइतकं इंग्रजी बोलणारी आणि तरीही इंग्रजी न येणारी बाई अख्ख्या रोहा तालुक्यात शोधून सापडायची नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या एकुलत्या एका लेकीच्या सासूबाई. राहायला अष्टमीला, रोह्याहून कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की लगेच. शिक्षण सातवी. पण धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेतलं काचसामान धुवायला त्या वर्षानुवर्षं होत्या, आणि तिथली शिकलेली पोरं दिवसभर जी इंग्रजीतून फर्मानं सोडायची, ती ऐकून ऐकून यांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर उतरवून घेतली. त्यातून त्यांचं एक मत झालं आणि ते त्या भेटेल त्याला ऐकवतात. त्यांच्या मते इंग्रजांकडे कामाला गडी दहाच. गेट, पुट, टेक, टर्न असे. "गडी दहाच हो, पण चपला घरभर! 'टर्न'नं 'ऑन'च्या चपला घातल्या का दिवा लागतो, 'ऑफ'च्या घातल्या का विझतो, नि 'अप'च्या घातल्या का रेडिओ बोंबलतो. येवढं समजलं का साहेबाची भाषा आली. बाकी सगला थाट हाय नुसता."

आता एवढं कळल्यावर माणूस गप्प बसेल, तर त्या विहीणबाई कसल्या! हातात जे काम असेल त्याचं इंग्रजी वाक्य मोठ्यानं म्हटल्याशिवाय ते काम त्यांच्या हातून होतच नाही. चहा ओतताना "आय ॲम पोअरिंग आउट द टी", पदर खोचताना "आय ॲम टकिंग इन". एसटीत शिरताना पुढच्या बाईच्या पाठीला हात लावून "गेट ऑन, गेट ऑन", आणि उतरताना तीच बाई सापडली तर "गेट ऑफ". माझ्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघायची वेळ झाली, सगळा मांडव अक्षता मुठीत धरून उभा, आणि वरमाई भटजींना म्हणाल्या, "टेक अवे!" भटजी बिचारे घाबरून दोन पावलं मागे सरकले. रोह्याच्या मासळीबाजारात तर त्यांची वाट बघतात. एकदा मी बरोबर होते. यांनी कोळणीला सांगितलं, "हे बोंबील क्लीन आउट कर, नि ही सुरमय कट अप कर." कोळीण कोयत्यावरची नजरसुद्धा न उचलता म्हणाली, "करतंय गो बाय, तू आधी पिशवी टेक आउट कर, मागं लाईन हाय!" विहीणबाई इतक्या खूश झाल्या की परत येताना पूल संपेपर्यंत तेच सांगत होत्या. "बघितलंत? शिकली!"

हे सगळं मी हसत ऐकायची. आमच्या पेणला येऊन त्या असं काही बोलल्या की शेजारच्या बायका खिडकीत यायच्या, आणि मला, खरं सांगते, थोडी लाजही वाटायची. पुढे आमच्या ह्यांचं दुखणं वाढलं. हे गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी करायचे. मूर्ती रंगवून झाली की शेवटी बुबुळं, पापण्या, भुवया काढायच्या, ते काम. जन्मभर हात असा स्थिर, पण फुफ्फुसं थकली. डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा, आणि वीज गेली तर जवळ एक सिलिंडर असू द्या. मशीन भाड्यानं आलं. पुस्तिका इंग्रजीत, बटणांवरची अक्षरं इंग्रजीत, अडचण आली तर फोन करायचा तोही कुठल्या तरी लांबच्या शहरात. घरात आम्ही दोघंच. मी त्या मशीनला लांबूनच नमस्कार करत असे.

दुसऱ्याच दिवशी विहीणबाई दारात. "मंगळवार नि शुक्रवार मी येणार. तुमाला तयार करते." मी म्हटलं, "अहो, साठी उलटली माझी, आता काय शिकवता?" तर म्हणाल्या, "साठी त्या मशीनला कुठं दिसते?" त्यांची रीत अशी, की शब्द वहीत लिहायचा नाही. हात त्या वस्तूवर ठेवायचा, काम करायचं आणि करता करता तोंडानं म्हणायचं. सुरुवात मशीनपासून नाही, मिक्सरपासून. प्लग इन, पुट इन, स्विच ऑन. तिसऱ्या खेपेला मी झाकण नीट न बसवता बटण दाबलं आणि ओल्या खोबऱ्याची चटणी छतापर्यंत गेली. मी किंचाळले. त्या शेजारी उभ्या, चष्म्यावर चटणी, आणि शांतपणे म्हणताहेत, "टर्न इट ऑफ." मी म्हटलं, "अहो, बंद करा ना!" "मी हात लावणार नाय. टर्न इट ऑफ." शेवटी मीच बंद केलं. मला इतका राग आला होता, की त्या दिवशी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. त्यांनी स्वतःच केला, "आय ॲम हीटिंग अप द मिल्क" म्हणत, आणि मला आणून दिला. हे कॉटवर नाकात नळी घेऊन हसत होते. हसताना दम लागायचा, पण हसायचे. त्यांनी विहीणबाईंचं नावच पाडलं, मास्तरीणबाई.

मिक्सरवरून गॅसच्या शेगडीवर, तिथून पाण्याच्या पंपावर, आणि महिन्याभरानं मशीनवर. मला डोळे मिटायला लावून परीक्षा घ्यायच्या. त्या बोलायच्या, माझा हात चालायचा. मागे-पुढे झालं तर पुन्हा पहिल्यापासून.

वैशाखातली दुपार होती. वीज गेली, मशीननं टीं टीं करून जीव सोडला. मी नळी काढली, सिलिंडरला लावली, चावी फिरवली. पण ज्या पाण्याच्या बाटलीतून हवा नळीत जाते, तिच्यात बुडबुडे येईनात. ह्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. आजूबाजूची घरं बंद, सगळे कारखान्यात गेलेले. मी मशीनवाल्यांना फोन लावला. पलीकडे कुणी तरुण मुलगी. मराठी नाही, हिंदी नाही. मी "सिलिंडर ऑन, बबल नो" एवढं कसंबसं म्हटलं, आणि तिचं भराभर इंग्रजी सुरू झालं. एरवी मी फोन टाकून रडत बसले असते. पण त्या गर्दीतून मला ओळखीचे गडी दिसायला लागले हो! टेक ऑफ द बॉटल. काढली. पोअर आउट सम वॉटर. ओतलं. स्क्रू द कॅप बॅक ऑन. घट्ट पिळलं; बाटलीचं झाकणच आट्यांत नीट बसलं नव्हतं, सगळी हवा तिथून जात होती. नाऊ टर्न इट अप. चावी फिरवली. बुडबुडे आले. मला अर्थ आधी कळला की हात आधी गेला, ते आजही सांगता येणार नाही. ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्या मनगटावर बोट टेकवलं, एवढंच.

संध्याकाळच्या गाडीनं विहीणबाई आल्या. मी सगळं सांगितलं. वाटलं, पाठ थोपटतील. तर म्हणाल्या, "झाकण आधी का नाय तपासलंत?" आणि आत गेल्या. बराच वेळ झाला म्हणून बघायला गेले, तर ओट्याला टेकून, पदर तोंडात धरून रडत होत्या, आवाज न करता.

त्यानंतर हे चौदा महिने होते. चौदा महिने! लोक वर्षांत हिशेब करतात, मी एकेक सकाळ मोजून घेतली आहे. थंडीत त्यांना जरा बरं वाटलं, तेव्हा कारखान्यातले लोक लहान मूर्ती घरी आणून द्यायचे आणि नाकात नळी ठेवून, दोन डोळ्यांच्या मध्ये विश्रांती घेत, ते आखणी करायचे. त्यातली एक विहीणबाईंनी तेव्हाच सांगून ठेवली. आषाढात हे गेले. भाद्रपदात ती मूर्ती अष्टमी गावात, विहीणबाईंच्या घरी बसली.

त्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती, आजेसासऱ्यांपासूनचा. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी त्यांचे दीर आरतीचं ताट घेऊन विसर्जनाला निघायची तयारी करायला लागले, तर ह्या दारात आडव्या. "पाच दिवस ऱ्हायल." दीर म्हणाले, "वयनी, आपल्याकडं रीत नाय." "मंग आता हाय." पाचव्या दिवशी मला न्यायला स्वतः पेणला आल्या. वर्ष झालेलं नव्हतं, मी नको म्हणत होते. ऐकलं नाही. कुंडलिकेवर गर्दी होती. मुलगे मूर्ती घेऊन पाण्यात शिरणार, तेवढ्यात विहीणबाई त्यांना म्हणाल्या, "थांबा रे जरा. माझ्या विहीणबायना नीट बघू द्या."

मुलग्यांनी मूर्ती माझ्याकडे वळवून धरली. मी बघितलं. डावी भुवई उजवीपेक्षा केसभर वर गेली होती. तिथं ह्यांना दम लागला असेल.