शेषेरावच्या डोक्याची चार कारणं

उदगीरजवळच्या खेड्यात ज्ञानेश्वरी ब्लाउज शिवती. अकरावीत शाळा सोडली. भाऊ शेषेराव लातूरला शिकवणीला होता, तिथं त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायले, आन आई दिवसभर रोजानं शेतात, त्याला सांभाळायला घरात दुसरं कोणी न्हवतं. नांदेडच्या डॉक्टरनं बिमारीचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. तवापासून गोळी रोज तीच हातावर ठेवती.

गेल्या महिन्यात तिला बघायला पाहुणे यायचे होते. शेषेरावला शेतात ठेवा, असं हनुमंतमामाचं म्हणणं. ती म्हणली, मग मीबी शेतातच बसते. मामा नरमला, पण अट घातली. हे रक्तातनंबी येऊ शकतंय असं डॉक्टर म्हणला होता, ते कोणी तोंडातनं काढायचं न्हाई. विचारलं तर अभ्यासाचं टेन्शन. समद्यांनी माना हलवल्या.

पाहुणे बसले, पोहे आले. पोराच्या आईनं शेषेरावकडं बघत हळूच विचारलं, याला काय होतंय. मामा तोंड उघडायच्या आत पंचफुलाबाईनं, म्हणजे पोरीच्या आईनं, भावकीनं करणी केल्याचं सांगून टाकलं. मामा खाकरला. ती घाबरून म्हणली, आन अभ्यास. शेजारच्या मलप्पाला मामानंच वजन पडावं म्हणून बोलावलेलं. तो म्हणला, लहानपणी लिंबावरनं डोक्यावर पडलं की हे. मामानं डोळे वटारले. मलप्पाला वाटलं कमी पडलं, त्यानं टायफॉईड जोडला. ज्ञानेश्वरीनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू नाकातनं बाहेर.

शेषेराव पोहे चावत बोलला, "कशानं होतंय ते डॉक्टरलाबी पक्कं ठाव न्हाई. थोडं रक्तातनं, थोडं टेन्शननं, थोडं मेंदूतल्या रसायनानं. लिंबावरनं मलप्पाकाका पडला होता, मी न्हाई."

ज्ञानेश्वरी खदखदा हसली. नवरदेवबी हसला. त्याची आई मात्र ताट सारून उठली.

"मावशी, आमचं हे असं हाय," ज्ञानेश्वरी म्हणली. "भाऊबीजेला हा माझ्या दारात येणार. मी त्याला लपवणार न्हाई."

आठ दिवसांनी फोन आला. सोयरीक जमत न्हाई म्हणले. मामा कपाळ धरून बसला. फोन ठेवायच्या आधी पोराच्या आईनं आवाज बारीक केला. तिच्या धाकट्या जावेचं पोरगंबी एकटंच कोणासंगं तरी बोलून राहिलंय म्हणे, तर त्या डॉक्टरचा नंबर मिळंल का.

ज्ञानेश्वरीनं नंबर दिला. बुधवारी तिथं गर्दी कमी असती, तेबी सांगितलं.