शेतात सापडलेला दगड

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आमच्या अपार्टमेंटच्या मागे एक पार्क होतं. २००५ च्या एप्रिलमध्ये, बर्फ वितळून जमीन नुकतीच मऊ झाली होती तेव्हा, मी तिथे त्या गृहस्थांना पहिल्यांदा पाहिलं. पंचाहत्तरीच्या पुढचे असावेत. हातात मेटल डिटेक्टर. गवत झाडल्यासारखं ते यंत्र जमिनीवरून डावीकडून उजवीकडे फिरवत सावकाश चालले होते. मी बाकावर बसले होते. मुलीला प्रीस्कूलला सोडलं की दुपारी बारापर्यंत मला काहीच काम नसायचं.

काम नसायचं म्हणजे करायची परवानगी नव्हती. नवरा गाड्यांच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आयटीत होता आणि मी त्याच्या व्हिसावर अवलंबून. लग्नाआधी मी नागपूरला जिऑलॉजीत एमएस्सी केलं होतं, नंतर दोन वर्षं भंडाऱ्याच्या बाजूला मॅंगनीजच्या खाणींसाठी नकाशे केले होते. हातोडी, होकायंत्र आणि भिंग घेऊन दिवसभर उन्हात हिंडायची. ते भिंग मी अमेरिकेत आणलं होतं. मुलगी त्यातून मुंग्या बघायची.

तर ते गृहस्थ माझ्यासमोरून गेले आणि यंत्र एकदम बारीक आवाजात कुईं करून वाजलं. ते थांबले नाहीत. मला वाटलं, लक्ष नसेल. मी उठून मागून हाक मारली. त्यांना ऐकू गेलं नाही. शेवटी पुढे जाऊन उभी राहिले.

"तुमचं मशीन वाजलं," मी म्हणाले. "मागे, त्या झाडापाशी."

"नाही वाजलं."

"वाजलं. मी ऐकलं."

ते मागे गेले, यंत्र पुन्हा फिरवलं. पुन्हा तोच आवाज. या वेळी ते यंत्राकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. "आता वाजतंय?"

"हो. खूप बारीक आवाज आहे."

त्यांनी गुडघ्यावर बसून गवताचा एक गोल तुकडा झाकणासारखा कापून उचलला आणि खालची माती बोटांनी चाचपली. दहा सेंटचं जुनं नाणं निघालं, चांदीचं. त्यावर पंख लावलेली टोपी घातलेल्या बाईचा चेहरा होता. मी खूश झाले. ते झाले नाहीत. नाणं तळहातावर उलटंसुलटं करत राहिले.

मग सांगितलं. उभं आयुष्य गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर गेलं होतं आणि त्यात कान गेले होते. जाड आवाज कळायचे, बारीक कळत नसत. यंत्र जुनं, त्याला काय सापडलं ते दाखवणारा पडदाबिडदा नव्हता, सगळी भिस्त आवाजावर. खिळे, लोखंडाचे तुकडे जाड आवाजात बोलतात. चांदी बारीक बोलते.

"म्हणजे मी इतकी वर्षं खिळेच ऐकत होतो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्यांचे कान झाले. आठवड्यातून दोनदा, मुलगी शाळेत असताना. ते यंत्र चालवायचे आणि हेडफोन माझ्या कानांना. लांब वायरीने जोडलेले आम्ही दोघं पाडलेल्या शाळांच्या मैदानांवर, जुन्या चर्चच्या आवारात, जिथे त्यांनी परवानगी काढून ठेवलेली असे तिथे, एकमेकांना सांभाळत चालायचो. मी हात वर केला की ते थांबत. बहुतेक वेळा सोड्याच्या कॅनच्या कड्या निघायच्या. मधूनच एका बाजूला गव्हाच्या लोंब्या कोरलेली एक सेंटची जुनी नाणी. ते मला 'प्रोफेसर' म्हणायला लागले, कारण खड्ड्यातून निघणारे खडे मी त्यांना ओळखून दाखवायची. हे ग्रॅनाइट, हा कॅनडातून हिमनदीने आणून टाकलेला, हे जुन्या समुद्रातलं प्रवाळ. ते मान हलवत ऐकायचे. माझं एवढं शांतपणे कोणीच ऐकत नव्हतं.

त्यांच्याकडे एक वही होती, आधी शोधून झालेल्या जागांची. त्या जागांवर पुन्हा जाऊया, असं मीच सुचवलं. मला वाटलं त्यांना आनंद होईल. पहिल्याच ठिकाणी चांदीची तीन नाणी निघाली. दुसऱ्या ठिकाणी एक. "इथे मी चारदा येऊन गेलोय," ते म्हणाले. मग वहीची पानं उलटत राहिले, शेवटी ती खिशात घातली, आणि त्यानंतर आम्ही फक्त नव्या जागी गेलो. नव्या जागी फारसं काही मिळत नसे.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी मला घरी बोलावलं. घरात ते एकटेच असत, मुलगी ॲरिझोनात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते सोडलं. नारळाएवढा एक काळा दगड, चकाकणारा.

"मी सात वर्षांचा होतो," ते म्हणाले. "वडिलांनी संध्याकाळी शेतावरून येताना आकाशातून आगीचा गोळा पडताना पाहिला. धावत घरी येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शोधायला गेले तेव्हा शेताच्या टोकाला हा मिळाला. आधी तिथे नव्हता. गावात सगळे हसले. वडील दारू पिऊन आले होते म्हणाले. ते पीत नसत. त्यानंतर त्यांनी हा कोणालाच दाखवला नाही. मीही नाही दाखवला. तू खरी जिऑलॉजिस्ट आहेस. तू सांग."

अमेरिकेत मला जिऑलॉजिस्ट म्हणणारे ते पहिले.

दगड हातात घेतल्याबरोबर मला कळलं. नारळाएवढ्या उल्केच्या मानाने तो फारच हलका होता. एका बाजूला बुडबुड्यांची बारीक भोकं होती. उल्केत अशी भोकं जवळपास कधीच नसतात. मोडलेल्या कडेला काचेसारखी चमक होती. हा भट्टीतला मळ होता, स्लॅग. लोखंड वितळवताना वर येतो आणि थंड झाला की दगड होतो, तो. मी विचारलं, शेताजवळून काय जात होतं?

"रेल्वे," ते म्हणाले.

रुळांखाली पूर्वी भट्टीचा हाच मळ टाकायचे. एखादा गोटा घरंगळून शेतात आला असणार.

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "घरी नेऊन नीट तपासते."

तीन आठवडे तो दगड माझ्या ओट्यावर होता. मी बाथरूमची जुनी फरशी उलटी करून तिच्या खरखरीत बाजूवर त्याची रेघ ओढून रंग पाहिला. लोहचुंबक लावलं. कोपरा कानशीने घासून भिंगातून पाहिला, उल्केत असतो तसा धातूचा एखादा चमकणारा कण दिसतो का म्हणून. दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा कोपरा घासला. मला उत्तर माहीत होतं. तरी रोज मुलीला सोडून आले की कागद काढून निरीक्षणं लिहायची, तारखेसकट, खाणीवर लिहायचो तशी. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काम होतं आणि ते मला संपवायचं नव्हतं.

नवऱ्याने एकदा विचारलं, "अगं, काय निघालं शेवटी?"

"स्लॅग आहे."

"मग सांगून टाक ना त्यांना. किंवा सांगू नकोस, म्हण उल्का आहे. या वयात त्यांना काय फरक पडतो यार?"

"मी खोटं रिपोर्ट करू?"

"रिपोर्ट कसला?" तो म्हणाला. वाईट हेतूने नाही म्हणाला. पण मी त्या दिवशी त्याच्याशी धड बोलले नाही.

पुढच्या मंगळवारी मी दगड परत नेला. माझे कागदही नेले. त्यांना एकेक मुद्दा समजावला, भोकं का असतात, काच कशी होते. मोठ्याने, त्यांच्याकडे तोंड करून, म्हणजे त्यांना ओठ कळतील. खरं सांगायचं तर बोलताना मला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांनी मी काहीतरी नीट, सिद्ध करून सांगत होते. त्यांचा चेहरा बदललेला माझ्या उशिरा लक्षात आला.

"मग वडिलांनी काय पाहिलं?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं असेल ना. गोळा खरा असेल. तो दुसरीकडे पडला असेल. फक्त हा तो दगड नाही."

"त्यांनी हाच उचलून आणला."

मी माझे कागद गोळा केले.

त्यांना माझं पटलं नसावं. त्यांनी दगडाचा तुकडा युनिव्हर्सिटीत पाठवला. जानेवारीत उत्तर आलं. ते पत्र घेऊन ते बर्फातून चालत आमच्या दाराशी आले. दोन ओळींचं पत्र होतं, मी म्हणाले तेच.

"तू बरोबर होतीस, प्रोफेसर," ते म्हणाले. "मी युनिव्हर्सिटीवाल्यांना तुझ्याबद्दल लिहिलंय. तुझ्यासारखी माणसं त्यांनी ठेवायला हवीत."

"आत या ना, चहा घ्या."

"नको. तुझी चूक नाही. मी विचारायला नको होतं."

मुलगी मागून आली आणि म्हणाली, "व्हाय इज ही सॅड?" ते तिच्याकडे बघून हसले. त्यांना ऐकू आलं नसावं.

त्यानंतर वसंतात ते पार्कात यंत्र घेऊन आले नाहीत. मी दोनदा घरी गेले. चहा दिला, माझी चौकशी केली, नाण्यांचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. पुढच्या वर्षी त्यांची मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. घर विक्रीला निघालं तेव्हा मला कळलं. निरोप घ्यायचं राहूनच गेलं.

त्यांनी लिहिलेल्या पत्राने मात्र खरंच काही झालं. युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापकांनी मला ईमेल करून भेटायला बोलावलं. मी इस्त्री केलेले कपडे घालून, डिग्रीची फाइल घेऊन तासभर ड्राइव्ह करून गेले. त्यांच्याकडे तळघरात दगडांचे शेकडो खण होते, लेबलं गळून पडलेली. ते म्हणाले, आठवड्यातून दोन दिवस येऊन ओळखून लेबलं लावशील का? पगार नाही, पण पुढे पीएचडीचं बघता येईल. मी एक खण उघडला, एक हिरवा दगड उचलला, त्याचं नाव सांगितलं. ते हसले, "बरोबर." घरी येताना गाडीत मी गाणं म्हणत होते.

आठवड्याभराने त्यांच्या इंटरनॅशनल ऑफिसातून उत्तर आलं. या कामासाठी ते एरवी विद्यार्थ्यांना पैसे देतात, त्यामुळे माझ्या व्हिसावर ते फुकटसुद्धा करता येणार नाही. विद्यार्थी म्हणून यायचं तर अर्ज करा, फी भरा. आम्ही फीचा आकडा पाहिला. नवरा म्हणाला, "ग्रीन कार्ड येऊ दे, मग बघू." ग्रीन कार्डाची रांग कुठवर आलीय ते आम्ही दर महिन्याला बघायचो. ती पुढे सरकण्याऐवजी कधीकधी मागे जायची. मी प्राध्यापकांना नकार कळवला. त्यांनी लिहिलं, फार वाईट वाटलं. त्यांचंही खरं असणार.

२००८ मध्ये गाड्यांच्या कंपन्यांचं सगळं कोसळायला लागलं आणि नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल झालं. दुसरं दक्षिणेकडे कॅरी नावाच्या गावात मिळालं, पाच आठवड्यांच्या आत, नाहीतर व्हिसा गेला असता. आमचं नशीब म्हणायचं, बऱ्याच जणांना नाही मिळालं. तिथे सगळीकडे लाल चिकट माती होती आणि घराघरात आपली माणसं.

एका रविवारी तिथल्या ओळखीच्या काकू नवीन किचनसाठी दगडांचे नमुने घेऊन आमच्याकडे आल्या. हाताच्या पंजाएवढे चौकोनी तुकडे, पॉलिश केलेले. त्यांनी ते आमच्या टेबलावर ओळीने मांडले.

"तू दगडांचंच काहीतरी केलं होतंस ना गं? सांग बरं, यातलं कुठलं ग्रॅनाइट घेऊ?"

त्यांनी बोट ठेवलेला काळा तुकडा ग्रॅनाइट नव्हताच. तो गॅब्रो होता, वेगळाच खडक, दुकानदार सरसकट त्याला ग्रॅनाइट म्हणतात. मी तो उचलून खिडकीपाशी नेला. आतले काळे स्फटिक उजेडात चमकले.

"हा चांगला आहे," मी म्हणाले. "हळदीचे डाग दिसणार नाहीत."

"बघ, म्हणूनच तुला विचारलं," काकू म्हणाल्या आणि बाकीचे तुकडे पिशवीत भरायला लागल्या. मी चहा टाकायला आत गेले.