दीपगृहाच्या गोष्टीचा पाचवा भाग मिळाला!

मंडळी, आज आगाशीच्या वाचनालयात माझी परीक्षाच झाली.

दीपगृहात राहणाऱ्या तीन भावंडांची पाच भागांची मालिका मी पुतणीच्या कार्डावर आणून वाचतो. माझी शाळा नववीत सुटली, पण ही गोष्ट सुटत नाही. त्यातली मुलं घाबरतात आणि तरी पुढे जातात.

बालविभागाचा नियम असा, की वाचलेली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळत नाही. ते काम पुतणी करते. आज तिला ताप होता, म्हणून एकटाच गेलो.

ग्रंथपाल काकूंनी विचारलं, "मग गोष्ट कोण सांगणार?"

वाटलं, आता कार्ड बंद. तरी म्हणालो, "मी सांगतो." वादळ येतं, दिवा विझतो, धाकटी एकटीच जिना चढते...

"थांब रे!" काकू ओरडल्या. "दिवा कोणी विझवला ते सांगू नकोस! हा चौथा भाग तू कधी परत आणतोस, याची मी वाट बघत होते. हा घे पाचवा."

येताना बसमध्ये पहिल्यांदाच मुखपृष्ठ न लपवता वाचत बसलो. फार हलकं वाटलं.

मोठेपणी मुलांची पुस्तकं वाचणारे तुमच्यात कोण कोण आहेत? काकू आणि मी, दोघं तर झालो.