भर बाजारात बोललेला भाव

परदेशी माल पुण्याच्या दुकानांत नुकताच दिसू लागला होता, तेव्हा आमची कंपनी शांतिसेनेत सोमालियाला गेली. मी हवालदार होतो. फौजेआधी बैलबाजारात दलालाच्या हाताखाली राबलो होतो. माझी शाळा तीच.

चौकी एका लहान गावाबाहेर होती. कोरडी नदी ओलांडायला तिथे एकच उतार होता. गाव जगायचं विहिरींवर, उंटांच्या बाजारावर आणि ये-जा करणाऱ्या गाड्यांवर. बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. हातांवर कापड टाकून बोटं दाबत. थेट आपला बैलबाजार. सौदा कापडाखाली राहिला की बघणाऱ्यांना हिस्सा मागता येत नाही.

एका सकाळी गस्तीची गाडी सुरुंगावर गेली. ड्रायव्हर नाईक मारुती शेडगेच्या पोटात पत्रा घुसला. हेलिकॉप्टर मिळेना. इस्पितळ नदीपलीकडे, आणि उतारावर झाडं आडवी टाकलेली. भोवती वेगवेगळ्या टोळ्यांचे बंदूकवाले. सगळ्यांच्या वतीने सौदा करणारा म्होरक्या, एक म्हातारा, सावलीत आमच्याकडे पाठ करून बसला होता.

मारुती खडकवासल्याकडचा. स्ट्रेचरवरून म्हणाला, "हवालदारसाब, म्हातारा पुन्याचा हाय का? गिऱ्हाइकाकडं बघंना."

मी म्हाताऱ्यासमोर बसलो. त्याने खांद्यावरची चादर आमच्या हातांवर ओढली. त्याला डिझेलची पिंपं हवी होती. त्याने आठ दाबली, मी तीन. तो उतरत गेला, मी चढत गेलो. एका बोटाचा फरक उरला.

मागे रेडिओ चालू होता. "पेशंटची नाडी?"

"बुडतेय. ओव्हर."

आमच्या कॅप्टनसाहेबांना धीर निघेना. दुभाष्याच्या तोंडून ते सगळ्यांसमोर ओरडले, "दहा पिंपं! रस्ता मोकळा करा!"

म्हाताऱ्याने हात काढून घेतला. आकडा सगळ्यांनी ऐकला होता. प्रत्येक टोळी आपला हिस्सा मागायला उठली. म्हातारा आता एकटा काहीच देऊ शकत नव्हता.

"साहेब, गप्प बसा!"

"हवालदार, तोंड सांभाळ."

झाडं हटली तेव्हा दुपार उलटली होती. रेडिओवर विचारणा झाली, "पेशंट कुठवर आला?"

मीच बोललो. "पेशंट नाही. बॉडी आहे. ओव्हर."

साहेबांच्या रिपोर्टात लिहिलं होतं, स्थानिकांनी शब्द फिरवला. मला उद्धटपणाबद्दल समज मिळाली.

पेन्शनीत आल्यावर बिबवेवाडीत सिक्युरिटी एजन्सी काढली. आयटी कंपन्यांना गार्ड पुरवू लागलो. त्यांतल्या एकीने परदेशी निघालेल्या पोरांसमोर भाषणाला बोलावलं कोणाला, तर याच कॅप्टनसाहेबांना. पडद्यावर तीच नदी, तेच उंट.

"लोकल कल्चर समजून घ्या," साहेब म्हणाले.

एका पोराने विचारलं, "सर, कॅज्युअल्टी?"

"वन." साहेबांनी पुढची स्लाइड लावली.

मी मागे माझ्या गार्डांजवळ बसलो होतो, तिथून उठलो. "नाव सांगा, साहेब."

त्यांनी मला ओळखलं. ओठ हलले, नाव आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीने माझे गार्ड काढले. काढोत.

नाईक मारुती शेडगे. त्या गावातल्या विहिरीचा बंद पडलेला पंप त्याने एकट्याने चालू केला होता. पाणी भरणाऱ्या बायकांना त्याचं नाव पाठ होतं.