टाकीखालचा वॉशर

"बघितल्याबिगर बोलायचं नाय," असं म्हणत मामा गिऱ्हाइकापुढे पंजा धरायचे, वाहतूक पोलिसासारखा. गाडीचं दुखणं सांगणारा माणूस वाक्य अर्धं टाकून गप्प व्हायचा. मग मामा फडक्याला एकेक बोट पुसायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे आणि गाडीजवळ उकिडवे बसायचे. तुमच्याही भागात असा एखादा मेकॅनिक असेल. बोलणार कमी, आणि जे बोलेल त्यातलं निम्मं आपल्याला सुनावणारं. मामांचं गॅरेज धायरीला. धायरी पुण्यात कधीच मिसळून गेली, पण मामांची बोली मात्र गावातच राहिली होती.

नवरा गेल्यानंतर मी त्याची जुनी मोटरसायकल चालवायला शिकले. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि वाघोलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. 'विकून टाका, साधी स्कूटर घ्या,' असं सोसायटीतल्या झाडून सगळ्यांचं सांगून झालं होतं. मामांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "पाय टेकत्यात का?"

"टेकतात."

"मग झालं."

त्या गाडीचा पेट्रोलचा काटा बिघडला होता. टाकी भरलेली असो की रिकामी, तो आपला अर्ध्यावर. ऐन परीक्षेच्या दिवशी खराडीजवळ पेट्रोल संपलं आणि ती जड गाडी मी पंपापर्यंत ढकलत नेली. कॉलेजात पोचले तेव्हा पेपर सुरू होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. दोन गॅरेजवाल्यांनी पुढचं मीटरच बदलायला सांगितलं, आणि ते तर आता मिळतही नव्हतं.

मामांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. टाकी उतरवून उलटी केली आणि तिच्या बुडाला बसवलेला सेन्सर बाहेर काढला. तारेच्या टोकाला एक छोटा गोळा होता. तो पेट्रोलवर तरंगतो, वरखाली होतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो, हे मला त्या दिवशी कळलं. तारेच्या दुसऱ्या टोकाला, जिथं ती पट्टीवर घासत जाते, तिथं काळा थर साचला होता.

"काट्याला कशाला बोल लावायचा? त्याला खालून जे कळतं, तेच तो वर सांगतो," मामा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तुमच्या हापिसात बी असंच असंल."

त्यांनी पट्टी खोडरबरानं हलक्या हातानं घासली, तार केसभर वाकवली, सगळं जागेवर बसवलं. मग एकेक लिटर पेट्रोल ओतत काटा कुठवर चढतो ते मला बघायला लावलं. काटा चढला तशी मी लहान मुलीसारखी हसले. मामा हसले नाहीत, पण फडकं झटकून खांद्यावर टाकताना त्यांची मान ताठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन मी कामाला गेले. वाटेत पेट्रोलचा वास येत होता. कालच्या कामाचा असेल, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं.

चार वाजता पार्किंगमध्ये आले तर माझ्या गाडीशेजारी जमिनीवर मामा बसलेले. गाडीखाली डबा, डब्यात थेंब थेंब पेट्रोल पडत होतं.

"ताई, किल्ली लावू नका," ते बसल्या जागेवरूनच ओरडले.

झालं होतं असं. सेन्सर बसवताना त्याच्याखाली नवा रबरी वॉशर घालायचा होता. सकाळी गॅरेज उघडून मामांनी हत्यारांची पेटी उचलली, तर नवा वॉशर तिच्याखाली. म्हणजे जुना, चिरलेलाच आत बसला होता. तिथून गळणारं पेट्रोल सरळ तापलेल्या इंजिनावर. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता, नावही ठाऊक नव्हतं. वाघोलीचं कॉलेज, एवढंच माहीत. त्यांनी गॅरेज बंद केलं, दोन बस बदलल्या आणि एकेका कॉलेजच्या पार्किंगमध्ये शिरून गाडी शोधली. आमचं तिसरं.

"दीड वाजल्यापासून बसलेत," वॉचमन सांगू लागला. "कोणाची गाडी विचारलं, तर म्हणे ताईंची. अहो, इथे शंभर ताई आहेत! आणि आपल्या विभागप्रमुखांना सिगारेट विझवायला लावली त्यांनी. सर विझवून गपचूप गेलेसुद्धा."

माझ्या किल्लीनं सीटचं कुलूप काढून मामांनी तिथेच टाकी उतरवली, नवा वॉशर बसवला.

"असू द्या मामा. काही झालं नाही ना?"

"झालं नाय म्हून चूक मिटती व्हय? डोळं दगा देत्यात आता. मला ठावं हुतं, तरी टाकीचं काम घेतलं."

डब्यातलं पेट्रोल मी परत टाकीत ओतलं.

धायरीपर्यंत ते माझ्यामागे बसून आले. प्रत्येक सिग्नलला वाकून टाकीखाली बोटं फिरवायचे आणि नाकाशी नेऊन हुंगायचे. शेजारचे स्कूटरवाले बघत राहायचे.

आठवड्याभरात गॅरेजवर खडूनं लिहिलेली पाटी लागली : 'टाकीचे काम होणार नाही.' पुढे क्लचचं काम बंद झालं, मग ब्रेकचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या म्हणून मी मागे लागले, तेव्हा "बघू" म्हणाले. शेवटी नुसते पंक्चर काढत होते. एका सकाळी शटर खाली दिसलं. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, झोपेतच गेले, वीस दिवस झाले.

"तुमच्यासाठी चिठ्ठी ठेवलीय. गॅरेज बंद असलं की द्या म्हणाले होते." वाकड्यातिकड्या अक्षरांत कर्वेनगरच्या एका गॅरेजचा पत्ता होता.

मी तिथे गेले. तिथला मेकॅनिक पस्तिशीचा असेल. गाडी पाहताच हातातलं काम सोडून उठला.

"धायरीच्या ताई ना? ते आजोबा सांगून गेलेत. दोन दिवस समोरच्या बाकावर येऊन बसत होते. मला वाटलं, त्यांना बसायला जागा हवीय. तिसऱ्या दिवशी उठून आत आले आणि म्हणाले, तुझा हात बघितला. आता तुझ्याकडं एक गाडी धाडतो."

मग त्यानं विचारलं, "कसे आहेत ते?"

मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि त्या बाकावर जाऊन बसले.