अ‍ॅप्रनखालचा शर्ट

एका विभागात दोन वर्षे काढली की किस्से साठत जातात. प्रयोगशाळेच्या सिंकमध्ये न धुतलेल्या परीक्षानळ्या साठाव्यात तसे. कोणी ठेवल्या ते आठवत नाही, आणि धुवायला कोणी पुढे येत नाही. माझ्याजवळचे बहुतेक किस्से रेवणचे आहेत. त्यांतले काही मी स्वतः पाहिले. दवाखान्यातले आणि मुलाखतीचे मला श्रीनिवासने सांगितले: गेल्या ऑगस्टमध्ये, एका गुरुवारी दुपारी, रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या पायऱ्यांवर. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो क्वालिटी कंट्रोलला आहे आणि गुरुवारी त्याची साप्ताहिक सुट्टी असते, म्हणून वाराची खात्री देता येते. तारीख नोंदवून ठेवायला हवी होती.

रेवण म्हणजे रेवणसिद्ध. अक्कलकोट तालुक्यातला, घरी मेंढ्या, घरातले बोलणे निम्मे कानडी. एम.एस्सी.ला रेवण, श्रीनिवास आणि मी, आम्हा तिघांचे टेबल एकच होते. त्याला शिक्षक व्हायचे होते, दुसरे काहीही नाही. आणि त्याच्या काखांना घाम येई. घाम सोलापुरात सर्वांनाच येतो, म्हणून स्पष्ट करतो: डिसेंबरात सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला आम्ही स्वेटरमध्ये हात चोळत असू, तेव्हाही त्याचा शर्ट काखेपासून जवळजवळ कमरेपर्यंत भिजलेला असे. ज्याला जन्मभर फळ्यापुढे हात वर करायचा होता, त्याची ही अवस्था होती.

*

सेमिनारला तो फळ्याच्या फक्त खालच्या अर्ध्या भागात लिही. पहिली अभिक्रिया छातीच्या उंचीवर, दुसरी कमरेच्या, आणि तिसरी चक्क उकिडवे बसून. एकदा मागच्या बाकावरून पहिल्या वर्षातली एक मुलगी म्हणाली, “दादा, वरचा फळा भाड्यानं दिलाय का?”

सगळे हसले. रेवणही हसला. त्या दिवशी तो जेवला नाही. हे मी पाहिलेले आहे.

*

त्याने स्वतःपुरता शोधलेला पहिला उपाय म्हणजे अ‍ॅप्रन. प्रयोगशाळेत तो सगळेच घालतात. रेवण तो ग्रंथालयात, कॅन्टीनमध्ये आणि बसथांब्यावरही घाली. अ‍ॅप्रन जाड असल्याने आतला ओला शर्ट दिसत नसे. अर्थात त्यामुळे आणखी उकडे आणि आणखी घाम येई. पण तो आत राही.

विभागप्रमुखांनी एकदा पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर त्याला उभे केले. “अ‍ॅसिडला हातही लावायचा नसताना अ‍ॅप्रन अंगात. शिस्त म्हणजे काय, ते या मुलाकडून शिका.” टाळ्या झाल्या. स्नेहसंमेलनात त्याला शिस्तीबद्दल एक पेनही मिळाले. ते त्याने कोपर बरगडीला चिकटवून घेतले.

*

पहिल्या डॉक्टरांकडे तो मे महिन्यात गेला, ही चूक म्हणावी लागेल. खोलीजवळचा साधा दवाखाना. डॉक्टर स्वतःच मानेवर ओला टॉवेल टाकून बसलेले. रेवणने तक्रार सांगितली. डॉक्टरांनी टॉवेलची बाजू पालटली आणि म्हणाले, “सोलापुरात घाम यायचा बंद झाला तर ये माझ्याकडं. घाबरायचं ते तेव्हा.”

त्यांनी मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या. रेवणने त्या आठ दिवस नियमाने प्यायल्या.

जानेवारीत तो पुन्हा त्यांच्याकडे गेला. या वेळी डॉक्टरांच्या गळ्यात मफलर होता. त्यांनी रेवणच्या शर्टाकडे पाहिले, बाहेरच्या थंडीकडे पाहिले आणि चिठ्ठीवर एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमचे नाव लिहून दिले. पुड्या दिल्या नाहीत.

*

चिठ्ठी खिशात ठेवून रेवण तीन आठवडे फिरत राहिला. बाईमाणसापुढे काख दाखवायची कशी, हा त्याचा प्रश्न होता. श्रीनिवासचे म्हणणे वेगळे होते. “रिकाम्या हातानं जाऊन सांगणार काय? आधी डेटा पाहिजे की.”

आयोडीन आणि स्टार्च ओले झाले की निळेकाळे होतात, हे अकरावीतल्या मुलालाही ठाऊक असते. एका शनिवारी दुपारी, रिकाम्या प्रयोगशाळेत, आम्ही रेवणच्या काखेत आयोडीन लावले, ते वाळवले आणि वर स्टार्चची पूड टाकली. मी घड्याळ लावले होते. मिनिट पुरे व्हायच्या आत काखेचा सगळा भाग दौतीसारखा झाला आणि रंग बरगड्यांवरून खाली ओघळू लागला. घाईत चढवलेले बनियनही गेले.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे मामा किल्ल्या घेऊन आले. त्यांनी बनियनकडे पाहिले, बाटलीकडे पाहिले. “टायट्रेशन अंगावर केलं व्हय रे? एंड पॉइंट लई पुढं गेला की.”

*

मॅडमनी तपासताना तीच चाचणी केली. आम्ही ती आधीच उरकली आहे हे रेवण बोलला नाही. रंग चढला तेव्हा त्याने शक्य तितके आश्चर्य दाखवले, असे श्रीनिवास सांगतो. तो सोबत म्हणून आत बसला होता.

मॅडम म्हणाल्या, हा आजार आहे, याला नाव आहे आणि यावर उपचारही आहेत. रेवणने त्यांना ते नाव कागदावर लिहून द्यायला सांगितले. तो कागद त्याने औषधाच्या चिठ्ठीपासून वेगळा, पाकिटात ठेवला.

औषध होते अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण. झोपताना, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचे आणि सकाळी धुऊन टाकायचे. मॅडमनी ‘कोरड्या’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

रेवणने त्या दोन रेघांवर बोट ठेवले. मग म्हणाला, “मॅडम, कोरडी असती तर आलो असतो का?”

*

जूनमध्ये टेंभुर्णीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून त्याला बोलावणे आले. जागा तासिका तत्त्वावरची होती. मुलाखतीत वर्गापुढे पाठ घेऊन दाखवायचा होता. आठ दिवस उरले होते आणि औषधाने अजून फरक पडला नव्हता. रेवणने धीर सोडला आणि ते औषध सकाळी अंघोळ केल्या केल्या, ओल्या अंगावर, आणि मग दिवसभरात आणखी दोनदा लावायला सुरुवात केली.

अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडला पाणी मिळाले की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तयार होते. ही अभिक्रिया त्याने एप्रिलच्या पेपरात बिनचूक लिहिली होती. तिसऱ्या दिवशी दोन्ही काखा सोलवटल्या. तो हात अंगापासून लांब धरून चालू लागला, तेव्हा गल्लीतली पोरे त्याला पैलवान म्हणू लागली.

मॅडम संतापल्या. मलम दिले, औषध पुढच्या भेटीपर्यंत बंद केले, आणि विचारले, “शिकलेले दिसता. विषय कोणता तुमचा?”

रेवण म्हणाला, “इतिहास.”

*

टेंभुर्णीला श्रीनिवास त्याच्याबरोबर गेला, तो दुसरा शर्ट सांभाळायला. एसटीतून उतरल्यावर स्टँडवरच्या संडासात रेवणने शर्ट बदलला. महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत दुसराही भिजला.

यापुढचे श्रीनिवासने खिडकीतून पाहिलेले आहे. प्राचार्य आणि आणखी दोघे मागच्या बाकावर बसले होते. रेवणने छातीच्या उंचीवर लिहायला सुरुवात केली. प्राचार्य म्हणाले, “सर, वर लिहा. हितनं न्हाई दिसत.”

रेवण खडू हातात धरून उभा राहिला. जागा गेली असे श्रीनिवासला वाटले. मग रेवण पिशवीपाशी गेला.

“सर, अ‍ॅप्रन घालू का?”

“थिअरीला?”

“सवय आहे, सर.”

त्याने गळ्यापर्यंत बटणे लावली आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापासून लिहायला सुरुवात केली. काखांवरची कातडी अजून भरली नव्हती. पाठ पस्तीस मिनिटे चालला. जागा त्याला मिळाली.

*

डिसेंबरात मी टेंभुर्णीला जाऊन आलो. रेवणचा बारावीचा तास चालू होता, म्हणून वर्गाबाहेर थांबलो. तो फळ्याच्या अगदी वरच्या कडेला लिहीत होता, हात पूर्ण वर करून, अंगात अ‍ॅप्रन. त्याच्यासमोर वर्गातली सगळी मुले-मुली अ‍ॅप्रन घालून बसली होती. तास थिअरीचा होता.

दारातल्या शिपायाने माझा चेहरा वाचला असावा. “प्राचार्यांनी सक्ती केलीय,” तो म्हणाला. “सरांची शिस्त बघून. उन्हाळ्यात काय व्हायचं ते होईल.”

नंतर चहा घेताना मी रेवणला औषधाबद्दल विचारले. मॅडमनी ते पुन्हा सुरू केले होते, एक दिवसाआड.

“लागू पडलं,” तो म्हणाला. “ऑक्टोबरपासून कोरडं हाय.”

“मग अ‍ॅप्रन?”

मधल्या सुट्टीत पटांगणावर अ‍ॅप्रन घातलेली मुले डबे उघडून बसली होती. तो त्यांच्याकडे पाहत राहिला.

“आता कसा काढू?”

घंटा झाली. त्याने वरचे बटण लावले आणि वर्गाकडे गेला. ऑक्टोबरपासून कोरडे आहे, हे त्याचे म्हणणे मी जसेच्या तसे नोंदवले आहे. मला ते पडताळता आलेले नाही.